ते रिकामे गोल

२६ वर्षं मी रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. टिश्यू बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, रिबन कोमट पाण्यावर सोडायची, अलगद काचेवर उचलायची. रंगवल्यावर पेशींची केंद्रकं जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. स्तनाच्या गाठीच्या स्लाइडवर मात्र पांढऱ्या गोलांची जाळी असते. नव्या मुली विचारतात, "मॅडम, हे रिकामे का?" त्या चरबीच्या पेशी. आतली चरबी अल्कोहोल आणि झायलीनमध्ये आपणच विरघळवलेली असते.

इमेजिंग मास स्पेक्ट्रोमेट्री समजून घेतल्यापासून ते गोल मला सलतात. गोठवलेल्या टिश्यूच्या कापावर एका खास रसायनाचा बारीक थर फवारतात आणि ठिपक्या-ठिपक्यावर लेझर मारतात. सुटलेल्या भारित रेणूंचं वजन यंत्र ताडतं. असे हजारो ठिपके जुळले की एकेका रेणूचा नकाशा उभा राहतो: हा मेद गाठीच्या कडेला, तो पार आत. कोणता रेणू शोधायचा हे आधी ठरवावं लागत नाही. आमच्या रंगांना हे कधीच जमलं नसतं. अमेरिकेतल्या रिचर्ड कॅप्रिओली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ही वाट दाखवली.

मेणातल्या ब्लॉकवरही प्रथिनांचे तुकडे असे पाहता येतात. पण धुऊन गेलेली चरबी कुठलंच यंत्र परत आणत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयांनी काढलेल्या गाठीतलं निदानाला लागेल तेवढं बाजूला काढून उरलेल्यातला वाटाण्याएवढा तुकडा लगेच गोठवावा आणि उणे ८० अंशांवर जपावा. रुग्णाची लेखी संमती घेऊनच. निदान आधी, इवल्याशा बायोप्सीला हात लावायचा नाही.

फ्रीझर महाग आहे, वीज गेली तर जनरेटर लागतो, हे खरं. पण पैशाइतकंच हाताचं वळण लागतं. गोठवलेल्या टिश्यूचे काप घेणाऱ्या क्रायोस्टॅट यंत्रावर तुकडा बसवायला आम्ही वापरतो तो चिकट द्रव कापात उतरला की त्यातलं पॉलिमर मोजणी बिघडवतं. थेंबभर पाणी गोठवून त्यावर तुकडा बसवावा लागतो. हे तंत्रज्ञांना शिकवा, आम्ही शिकायला तयार आहोत.

सर्जन मंडळींना एकच विनंती: मोठी गाठ काढलीत, तर ती फॉर्मॅलिनच्या डब्यात टाकण्याआधी आम्हाला एक फोन करा.