धूर त्यांचा, धूर आमचा
दादरच्या फ्लॅटात आता विजेचा स्मोकर. आत लाकडाचे तुकडे धुमसतात, डुकराचा खांदा ११० डिग्रीवर दहा-बारा तास. आतून ९५ ला पोचला की चिवट धागे विरघळतात, मांस बोटानं सुटतं. पैल्याच खेपेला सोसायटीभर ‘सुवास’!

आमच्या माया दोरीवर चान्या वाळवायच्या, निखाऱ्यावर भाजायच्या. ती मात्र घाण. त्या वासावरनं अजून खोली नाकारतात. २०१५ साली तर राज्यात बैल कापणंच गुन्हा झाला.

१९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सोडायला लावलं ते मेलेल्या ढोराचं मांस. लाचारी सोडा म्हणाले, चूल नव्हे.

आणि कार्यकर्त्यांनो, बीडीडी चाळीत वाढून वडार-कैकाड्यांच्या डुकराला तुम्हीही नाक मुरडता, त्याचं काय?