गोरेपणाच्या डबीतला पारा

अकोल्यातील एका घरातल्या आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार जडला. कारणाचा माग काढता काढता डॉक्टर गोरेपणाच्या क्रीमपाशी पोहोचले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत तिच्यात पारा सापडला. २०२३च्या सुरुवातीची ही बातमी रत्नागिरीकरांनी दूरची समजू नये. आखातातून घरी येणाऱ्या सामानात साबण-अत्तरांबरोबर क्रीमही असतात. लग्नसराईत पार्लरमधून बिननावाच्या डब्या हातोहात जातात.

पारा त्वचेतील रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो, मूत्रपिंडात साठतो. मग लघवीला फेस येतो, पाय सुजतात. उशाच्या अभ्र्यावरून, आईच्या हातांवरून तो तान्ह्या बाळापर्यंतही पोहोचू शकतो.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम मिसळण्यास मनाई केली आहे. तरीही अशा डब्या विकल्या जातात, हे संतापजनक आहे. अन्न व औषध प्रशासनाने रत्नागिरी, चिपळूण, खेडच्या दुकानांतून आणि पार्लरमधून नमुने घ्यावेत, निकाल नावानिशी जाहीर करावेत. आणि सावळ्या मुलीला स्थळ सांगून येताना रंगावरून बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे बोलणे आजच थांबवावे. त्या बोलण्यामुळेच ती ही डबी उघडते. ज्यांनी अशी क्रीम वापरली आहे, त्यांनी ती बंद करून लघवीची तपासणी करून घ्यावी आणि डबी डॉक्टरांना दाखवावी.