गाणे राखा, बैठकीतला भेद मोडा

आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात तुकोबांची पालखी आषाढी वारीच्या वाटेवर मुक्कामास येते. त्या रात्री टाळ धरणारा हात कुणब्याचा की सुताराचा, हे कोणी विचारीत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. हा अभिमान खरा किती आणि पोकळ किती, हे पाहण्यासाठी आम्ही आज वाचकांपुढे तंजावरच्या एका गायकाचे चरित्र ठेवीत आहोत.

तंजावर हे भोसल्यांचे दक्षिणेतील राज्य. तेथे श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री राहत असे. तो १७५० साली हिंदुस्थानात आला आणि १७९८ साली तंजावरासच वारला. त्याच्या हाताखाली दोन मुले शिकली. एक तुळजाजीराजांचा दत्तक पुत्र सरफोजी आणि दुसरा वेदनायकम्. वेदनायकम् १७७४ साली तिरुनेलवेलीकडे जन्मला. जात वेल्लाळ, म्हणजे तिकडील शेतकऱ्यांची. तो बारा वर्षांचा असता श्वार्ट्झने त्यास तंजावरास आणले. पुढे तो मिशनचा शिक्षक झाला आणि १८६४ साली मरेपर्यंत त्याने तमिळ पदांचा ढीग रचला.

प्रार्थनेत परक्या चाली चालत असता याने आपल्या मुलखाचे राग आणि लोकनाट्ये तीत आणली. कुरवंजी हा तिकडील खेळ. त्यात डोंगरी कुरवर जातीची बाई येऊन भविष्य सांगते. त्या साच्यात याने १८०० साली ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हेही तीत घातले. सरफोजीराजानेही मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहून त्या बाईच्या तोंडून जगाचा भूगोल सांगविला. विद्या पोथीत कोंडून न ठेवता गाण्यातून चव्हाट्यावर आणणे, हे या दोघांचे मोठे उपकार होत.

परंतु आता कडू भाग ऐका. श्वार्ट्झच्या मागून आलेल्या पाद्र्यांनी नवे नियम काढले. देशी गाणी नकोत, लग्नाकार्यात फुले नकोत, शास्त्राचे जुने भाषांतर नको. आणि जातवार वेगळे बसणेही नको. वेदनायकम् या चारही गोष्टींविरुद्ध उभा राहिला. १८२९ साली त्याची मिशनची नोकरी गेली आणि सरफोजीराजाने त्यास आश्रय दिला.

आमचे मत स्पष्ट आहे. गाणी व फुले यांविषयी वेदनायकम् खरा होता. परक्या मुलखाचे सूर म्हणजेच धर्म, हा पाद्र्यांचा हट्ट निव्वळ ताठा होता. पण जातीच्या बैठकीविषयी पाद्री खरे होते आणि आपला गायक चुकला. ज्याने पृथ्वी फिरते हे मान्य केले, त्यास शेजाऱ्याच्या चटईपर्यंत आपली चटई सरकविता आली नाही. वरच्याने आपणास दूर बसविले तर तो जुलूम, आणि आपण खालच्यास दूर बसविले तर ती वहिवाट! हा हिशेब त्याचा एकट्याचा नव्हे, आपल्याही घरचा आहे.

कोणी म्हणेल, चालीरीती एकदा मोडू लागल्या की सगळेच जाईल. तसे मुळीच नाही. शेतकरी बी राखतो आणि तण उपटतो, दोन्ही एकाच शेतात. गाणे हे बी होय, पंक्तिभेद हे तण होय.

तेव्हा बंधूंनो, पालखी येईल तेव्हा टाळ जरूर वाजवा. मात्र दुसऱ्या दिवशी पालखी पुढे गेल्यावर आपल्या आळीतील पंगतीत कोण कोठे बसतो, तेही एकदा डोळे उघडून पाहा.