रात्रीचा मीटर

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत रस्ता खणला. रात्री या भागात पाणी फार जातंय, कुठंतरी पाईप फुटलाय, असं खणणारे सांगत होते. दोन दिवस खणूनही हाती काही लागलं नाही.

हे यांना कळतं तरी कसं? शेजारचे काका पाण्याच्या कामातूनच निवृत्त झालेले. म्हणाले, "पहाटे दोन ते चार गाव झोपलेलं असतं. तेव्हा भागाच्या मोठ्या मीटरमधून जाईल त्यातून घरांचा वापर वजा करायचा. उरली ती गळती." आणि घरांचा वापर? एक ठोकताळा आहे म्हणे : तासाभरात शंभरातली सहा माणसं उठतात, प्रत्येकी संडासाच्या टाकीचं १० लिटर पाणी सोडतात. म्हणजे माणशी तासाला ०.६ लिटर.

हा हिशेब चोवीस तास पाणी असेल तिथंच चालायचा. बेळगावात काही वॉर्डांत ते २००८ साली सुरू झालं, त्यात आम्ही. माझ्या बहिणीकडं पाणी दिवसांआड येतं. आलं की रात्री दोनलाही घागरी, पिंपं भरणं चालू. तिथं कसली झोप अन् कसला ठोकताळा!

मी घरचा मीटर धरला. रात्री अकराला आकडा लिहिला, पहाटे पाचला पुन्हा. आम्ही पाच माणसं, सहा तास. हिशेबानं १८ लिटर व्हायला हवेत. झाले ५८! आई एकदा उठली होती, तेवढंच. दुसऱ्या रात्री गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, तर मीटरमधली चांदणी जागची हलेना. म्हणजे बॉल-कॉक. टाकी भरली तरी पाणी थेंबथेंब येत होतं आणि ओव्हरफ्लोच्या पाईपातून मागं अळूवर पडत होतं. आमच्या हिच्या अळूचं गल्लीभर कौतुक, त्याचं कारण हे!

काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. "अशी पन्नास घरं असली, की रस्त्याखालची गळती म्हणून तेच पाणी मोजलं जातं. खड्डा भलतीकडं पडतो, आणि खरी फुटलेली पाईप तशीच राहते. तुमच्या बहिणीकडं पाणी जायचं ते इथंच मुरतं." आपल्याकडं ठोकताळा न लावता काही घरांचे मीटर रात्री वाचायला हवेत, असं त्यांचं मत. मला ते पटलं.

वॉशर बदलला. आता रात्रीचे १० लिटर होतात, ते आईचे. अळूला ही तांदूळ धुतलेलं पाणी घालते, आणि माझ्याशी जरा कमीच बोलते.