पहाऱ्याबाहेरचे मन

मनुष्याचे विचार जसे असतील तसे त्याचे चारित्र्य घडते, हे वचन आपल्याकडे शाळेच्या भिंतीपासून कीर्तनकाराच्या निरूपणापर्यंत सर्वत्र ऐकू येते, आणि इतक्या वेळा ऐकू येते की ते खरे आहे की नाही, आणि खरे असल्यास कोणत्या अर्थाने खरे आहे, याची तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. ती तपासणी करू इच्छिणाऱ्याने फार दूर जावे असेही नाही. बहादरपूर गावाला खेटून असलेल्या बऱ्हाणपुरात, मोगलांच्या दक्षिणेकडील अंमलाचे हे मुख्य ठाणे असताना, एकाच दरबारात, एकाच तापीच्या काठी, जवळजवळ सारख्याच ऐश्वर्यात वावरलेल्या माणसांची आयुष्ये इतक्या भिन्न दिशांनी गेली की, परिस्थितीच माणसाला घडवते असे म्हणणाऱ्याने त्यांच्या हकिकती एकदा शांतपणे वाचाव्यात.

अकबराने १६०१ साली असीरगड घेतला, खानदेशचे फारूकी राज्य संपुष्टात आले, आणि नव्या सुभ्याचा कारभार बादशहाने आपला धाकटा पुत्र शहजादा दानियाल याच्याकडे सोपवला. दानियाल जातिवंत अश्वांचा आणि हत्तींचा शोकी होता, हिंदी काव्यात त्याला रुची होती, आणि त्याचा सासरा होता अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत सुसंस्कृत सरदारांपैकी एक. परंतु मद्याने या तरुणास असे ग्रासले होते की त्याचा थोरला भाऊ मुराद याच व्यसनापायी १५९९ साली दक्षिणेत मृत्यू पावला, हे डोळ्यांसमोर असूनही त्याच्या मनाची ओढ तसूभरही कमी झाली नाही. अकबराने ताकीदपत्रे पाठवली. खानखानाने जावयाच्या भोवती पहारे बसवले, आणि मद्याचा थेंबही आत जाता कामा नये असा कडेकोट बंदोबस्त केला. पुढे काय झाले ते जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. शहजाद्याची एक आवडती शिकारी बंदूक होती, जिचे नाव त्याने स्वतःच मोठ्या हौसेने ‘जनाजा’ या शब्दावरून ठेवले होते. त्याने आपल्या जवळच्या बंदूकबारदाराची विनवणी केली, लालूच दाखवली, आणि त्या नोकराने त्याच बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून ती पहाऱ्यातून आत नेली. नळीतील गंज आणि बारूद त्या दारूत विरघळले. ती प्राशन करताच शहजाद्याने जे अंथरूण धरले ते पुन्हा सोडले नाही. १६०५ सालच्या प्रारंभी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, दानियाल बऱ्हाणपुरात मरण पावला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अकबरही गेला.

ही कथा दारूबंदीच्या व्याख्यानात सांगण्यासारखी आहे यात शंका नाही, परंतु मला तिच्यात दारूपेक्षा पहाऱ्याची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पहारेकऱ्यांनी कसूर केली असे दिसत नाही. दरवाजे, सुरया, सामानाच्या पेट्या हे सर्व त्यांच्या नजरेखाली होते. नजरेखाली नव्हते ते एवढेच, की एकांतात पडून असलेल्या त्या तरुणाचे चित्त दिवसभर कोठे फिरत होते. ज्या गोष्टीभोवती चित्त अहोरात्र घोटाळते तिच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग ते शोधून काढतेच, मग त्यासाठी स्वतःच ज्याला जनाज्याचे नाव दिले त्या नळीचाही उपयोग करावा लागला तरी बेहत्तर. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयाच्या नुसत्या चिंतनापासून आरंभ करून बुद्धीच्या नाशापर्यंत उतरत जाणारी जी परंपरा सांगितली आहे, तिच्यात कृतीचा उल्लेख जवळजवळ नाहीच. सारा प्रवास मनातल्या मनात होतो. दानियालच्या बाबतीत तो प्रवास पहारे बसण्याच्या कितीतरी आधी पूर्ण झालेला होता.

आता त्याच घरातील दुसरा भाऊ पाहा. जहांगीर स्वतः या व्यसनातून मुक्त नव्हता, आणि त्याने ते लपवलेही नाही. तरुणपणी आपण दिवसाकाठी वीस प्याल्यांपर्यंत गेलो होतो, हात इतके कापू लागले की प्याला दुसऱ्याने ओठांशी धरावा लागे, आणि तेव्हा हकीम हुमाम याने भीड न धरता बजावले की हाच क्रम सहा महिने चालला तर औषधाचा इलाज राहणार नाही, हे त्याने स्वतःच्या लेखणीने नमूद केले आहे. त्यानंतर त्याने काही वर्षांच्या अवधीत हळूहळू ते प्रमाण सहा प्याल्यांवर आणले. संतांच्या कसोटीस हा विजय उतरणार नाही, आणि पुढील आयुष्यात त्याच्या प्रकृतीने व राज्यकारभाराने या सवयीची किंमत मोजलीच. तथापि स्वतःच्या कापणाऱ्या हाताकडे निर्भयपणे पाहून त्याचा अर्थ लावण्याचे सामर्थ्य ज्याच्या विचारात शिल्लक होते तो बावीस वर्षे तख्तावर बसला, आणि ज्याच्यात ते उरले नव्हते त्याची कारकीर्द चार वर्षांत आटोपली.

परंतु या दरबारातील खरा अभ्यासाचा विषय म्हणजे स्वतः खानखाना. अब्दुर्रहीम अवघा चार वर्षांचा असताना, १५६१ साली, त्याचा पिता बैरामखान गुजरातेत पाटण येथे मारला गेला. बादशहाच्या मर्जीतून उतरलेल्या पित्याचा खून झालेल्या त्या पोरक्या मुलाने आयुष्यभर सूडाचेच चिंतन केले असते, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याऐवजी त्याने फारसी, तुर्की, संस्कृत, ब्रज यांचा व्यासंग केला. बाबराच्या आत्मचरित्राचे तुर्कीतून फारसीत भाषांतर करून १५८९ साली अकबरास सादर केले. आणि स्वारीच्या धामधुमीतही आपले ग्रंथालय आणि आपले कवी यांना अंतर दिले नाही. बऱ्हाणपुरातील त्याच्या वास्तव्यात अब्दुल बाकी निहावंदी याने ‘मआसिरे रहीमी’ हा जो मोठा ग्रंथ रचला, त्यात या आश्रयाची साक्ष पानोपानी सापडते. त्याचे राजकारण निष्कलंक होते असे कोणी म्हणू नये. जहांगीराविरुद्धच्या शहाजहानच्या बंडाच्या वेळी तो दोन्ही पक्षांत हेलकावे खात राहिला आणि त्याचे भयंकर प्रायश्चित्त त्याला आपल्या पुत्राच्या वधाच्या रूपाने मिळाले. शिवाय ज्याने जावयावर पहारे बसवले त्याचाच पराक्रमी पुत्र शाहनवाजखान १६१९ साली मद्याच्या अतिरेकानेच गेला. त्याची देखणी कबर बऱ्हाणपुरात आजही उभी आहे. म्हणजे थोर पित्याचे विचार पुत्रास वारसा हक्काने मिळतात हेही खरे नाही. जमीनजुमला मुलाच्या नावे करता येतो. चित्ताची सवय ज्याची त्यालाच लावावी लागते.

याच खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुराचा कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यांत झिरपते, आणि शंभराहून अधिक कुंड्यांच्या ओळीखालून, कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून, केवळ उताराने शहराकडे वाहत येते. आपल्या विचारांचे कार्य मला याच्यासारखे वाटते. डोंगरात कोणता थेंब कोणत्या दिवशी मुरला हे कोणी पाहत नाही, परंतु कुंडीत उतरलेल्या बादलीला जे लागते ते त्याच थेंबांचे संचित असते. त्याच पाण्यातील चुना बोगद्याच्या भिंतींवर कणाकणाने साचून आज तो मार्ग अरुंद होऊ लागला आहे, हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका दिवसाचा थर दिसत नाही, शतकांचा थर वाट अडवतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शहजादे आणि सरदार यांच्या गोष्टी ठीक. परंतु बऱ्हाणपुराच्या गल्ल्यांत यंत्रमागाच्या खडखडाटात दहा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला, किंवा केळीच्या बागेत दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या मजुराला, तू चांगले विचार कर म्हणजे तुझे आयुष्य पालटेल, असे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? होय, आहे. मनात श्रीमंतीचे चित्र रंगवले की श्रीमंती चालत येते असे शिकवणारी जी पुस्तके हल्ली प्रत्येक स्थानकावर विकली जातात त्यांच्याविषयी मला यत्किंचितही आदर नाही, कारण ती दारिद्र्याचा दोष दरिद्री माणसाच्या डोक्यावर ठेवून मोकळी होतात. विचाराने मजुरीचा दर वाढत नाही. तो संघटनेने, कायद्याने आणि न्यायाने वाढतो. विचाराच्या हाती आहे ते इतकेच, की तीच मजुरी करणारा माणूस अंतर्यामी कोण होईल.

आणि हे ‘इतकेच’ किती मोठे असू शकते याची साक्ष याच खानदेशात आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतीची कामे, जाते आणि चूल यांतून आयुष्यभर सुटका झाली नाही. परंतु जात्यावर बसलेल्या त्या माउलीचे चित्त आपल्या दुःखाची उजळणी करण्यात गुंतले नाही. पेरणी, मळणी, सुगरणीचा खोपा, आणि स्वतःचे सैरावैरा धावणारे मन यांकडेच ती इतक्या बारकाईने पाहत राहिली की १९५१ साली ती गेल्यानंतर, पुत्र सोपानदेव यांनी जपून ठेवलेल्या तिच्या कविता १९५२ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा आचार्य अत्र्यांसारख्या माणसाला त्या महाराष्ट्रापुढे आणल्यावाचून राहवले नाही. मनाच्या स्वभावाविषयी तिने जे सांगितले ते तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने जपून वाचावे असे आहे.

धुळ्याच्या तुरुंगाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे, कारण तेथे पहाराही होता आणि भिंतीही होत्या. १९३२ साली सत्याग्रहात शिक्षा झालेल्या बंदिवानांना त्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून आलेल्या साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने भरभर उतरून घेतली. या एका तुरुंगातून मराठीला ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मिळाला. दानियालच्या महालाबाहेर पहारा होता आणि आत व्यसन होते. धुळ्यास पहारा तसाच होता, परंतु आत एक व्यवसाय होता, एक सांगणारा होता, एक लिहून घेणारा होता, आणि पुढच्या रविवारची वाट पाहणारी माणसे होती. एकट्याच्या निश्चयाने मन क्वचितच वळते. त्याला गुंतण्याजोगा विषय, ठरलेली वेळ आणि बरोबरीला माणसे लागतात, असे त्या तुरुंगाचा वृत्तांत वाचून माझे मत झाले आहे.

हे सर्व आज लिहावेसे वाटले, कारण आपल्या घरांतून पुन्हा पहारे बसू लागले आहेत. मुलाच्या हातातील मोबाइल काढून घ्यावा, त्याला कुलूपशब्द लावावा, रात्री तो उशीखाली ठेवून निजावे, शाळेने दप्तरे तपासावीत, अशा तजविजी आईबाप आणि शिक्षक कळकळीने करीत आहेत. त्यांची चिंता खोटी नाही, आणि लहान वयात काही बंदोबस्त आवश्यकच असतो. परंतु काढून घेतलेल्या वस्तूच्या जागी आपण काहीच ठेवले नाही, तर ते रिकामे चित्त त्या वस्तूभोवतीच घिरट्या घालील, आणि बंदुकीची नळी त्यालाही कोठेतरी सापडेल. बहादरपुरात काय किंवा बऱ्हाणपुरात काय, संध्याकाळी पाचनंतर शाळांच्या खोल्यांना कुलपे लागतात. त्याच वेळी मागावरून आणि मळ्यातून परतलेले पालक थकलेले असतात, आणि मुले मोकळी असतात. ज्यांच्या हाती त्या किल्ल्या आहेत त्या शाळा-समित्यांना, मुख्याध्यापकांना आणि पंचायतीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की, प्रत्येक गावात निदान एक खोली रोज संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावी, तीत मराठी, हिंदी, उर्दू अशी मिळतील ती पुस्तके ठेवावीत, आणि सेवानिवृत्त शिक्षकांपैकी कोणी तेथे बसून मुलांना रोज काही वाचून दाखवावे. खर्च दिव्याचा आणि चटईचा आहे. पुढच्या शाळा-वर्षाची वाट न पाहता हे याच महिन्यात सुरू करता येईल.