विषाणूची कात्री आणि नफ्याचा हिशेब

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. यावरचा उपाय बाजार आपोआप शोधील, असे आपले अर्थपंडित छातीठोकपणे सांगत असतात. बाजाराने तो कसा शोधला, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

जीवाणूंचेही शत्रू असतात. काही विषाणू जीवाणूच्या पोटात शिरून आपली प्रजा वाढवितात. बाहेर पडण्याची वेळ आली की होलिन नावाचे प्रथिन जीवाणूच्या आतल्या पापुद्र्याला भोके पाडते आणि त्या वाटेने लायसिन हे विकर भिंतीपर्यंत पोहोचते. भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकनची घट्ट जाळी. लायसिन तिचे टाके उसवते, आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही. शिवाय एक लायसिन बहुधा एकाच जातीच्या जीवाणूंवर चालते. पोटातल्या उपकारक जीवाणूंना ते धक्का लावीत नाही. हेच विकर शुद्ध करून बाहेरून वापरले तर? २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट फिशेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे करून उंदरांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू नाहीसे करून दाखविले.

याच शोधपरंपरेतून एक्सेबाकेस हे औषध निघाले. रक्तात भिनलेल्या स्टॅफिलोकॉकसवर ते चालेल, अशी आशा दुसऱ्या टप्प्यातील चाचणीने निर्माण केली. कॉन्ट्राफेक्ट या कंपनीकडे ते होते. अमेरिकन सरकारचा पैसाही त्यात ओतला गेला होता. २०२२ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी, लाभ दिसण्याचा संभव नाही म्हणून, मध्येच थांबविण्यात आली. हा कोणाचा गुन्हा नव्हे. विज्ञानात अपयश येतेच. ते का आले, मात्रा चुकली की रुग्णांची निवड, हे शोधून पुढे जाणे ही विज्ञानाची रीत. पण कंपनीचा जीव भागभांडवलात. २०२३ च्या डिसेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि वीस वर्षांच्या ज्ञानाचा वारसा धनकोंच्या दारात जाऊन बसला.

कोणी म्हणेल, औषधच फसले, त्याला बाजार काय करणार? मग अकाओजेनचे उदाहरण घ्या. तिचे प्लाझोमायसिन फसले नव्हते. २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०१९ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले! कारण उघड आहे. नवे प्रतिजैविक शहाणा डॉक्टर राखून ठेवतो, अगदी निरुपाय झाल्यावर आठ-दहा दिवस देतो. जन्मभर रोज घ्यावी लागणारी रक्तदाबाची गोळी कोठे आणि हे कोठे? जे जितके कमी वापरावे तितके समाजाच्या हिताचे, ते विकून नफा कसा मिळवायचा? आणि लायसिनचा गुण, म्हणजे एकाच जातीवर चालणे, हाच बाजाराच्या वहीत दोष ठरतो. ब्रिटनने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी खपाशी संबंध न ठेवता ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचा करार केला. थॅचरबाईंच्या देशालाही हे कळून चुकले. फक्त थैली सरकारची आणि मालकी कंपनीची, एवढा संकोच तेवढा उरला.

सरकारी मालकी म्हणजे सर्व रोगांवर रामबाण, असेही आम्ही म्हणत नाही. जीवाणुभक्षक विषाणूंच्या संशोधनाचे तिबिलिसीतील केंद्र उभारणाऱ्या जॉर्जी एलियावांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. प्रयोगशाळा जनतेची हवी, हुकूमशहाची नव्हे.

अशी जनतेची संस्था आपल्याजवळ होती. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नवस्वतंत्र, दरिद्री देशाला जे जमले ते पुढे जड झाले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने या कारखान्याची जादा जमीन विकण्याचा निर्णय घेतला. आणि २०२० मध्ये काय घडले? पेनिसिलिन-जी देशात बनावे म्हणून त्याच केंद्र सरकारने खाजगी कारखानदारांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन जाहीर केले! आपल्या चुलीवरची भाकर करपू द्यायची आणि मग शेजारच्या भटारखान्याला पीठ पुरवायचे, असा हा संसार.

लायसिन ही प्रथिने आहेत. ती जीवाणूंकडूनच मोठ्या टाक्यांत आंबवून करून घेता येतात. आंबवण्याचे हे तंत्र पिंपरीच्या कामगारांच्या हातचे. क्लेब्सिएलासारख्या जीवाणूंना भिंतीबाहेर आणखी एक पापुद्रा असतो, तेथे साधे लायसिन पोहोचत नाही; तेव्हा काम पुष्कळ बाकी आहे आणि ते वर्षानुवर्षे चालणारे आहे. तिमाही ताळेबंदाच्या धास्तीत ते होणार नाही. पिंपरीच्या जमिनीचे तुकडे पाडण्याऐवजी तेथे लायसिनचे संशोधन आणि उत्पादन सरकारी खर्चाने सुरू करावे, त्याचे स्वामित्वहक्क सार्वजनिक राहावेत आणि चाचण्यांचे निष्कर्ष, यशाचे तसेच अपयशाचेही, सर्वांना खुले असावेत. महाराष्ट्रातल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत उभा करावा. कारखान्याच्या आवारात इमारती उठण्यापूर्वी.