समजून घ्या : गर्भाशय काढल्यावर सहा आठवडे आराम हवा, पण ऊसतोड महिलांना तो मिळतो का?

बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये पाहणी झाली. त्यापैकी १३ हजार ८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांचे, गर्भाशय काढलेले होते. शस्त्रक्रिया का झाल्या, यावर चर्चा झाली. त्यानंतर काय, हा प्रश्न मागे राहिला.

आराम किती?
पोटावर छेद घेतला असल्यास सहा ते आठ आठवडे. या काळात जड वजन उचलायचे नसते. फडात मात्र उसाची मोळी डोक्यावरून वाहावी लागते. खाडा केला की मुकादम पैसे कापतो आणि उचल फिटत नाही.

धोके कोणते?
रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला इजा, पायात रक्ताची गुठळी. अंडाशयेही काढली असल्यास पाळी जाण्याचा काळ तरुणपणीच येतो. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

दवाखाना कधी गाठायचा?
ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जास्त रक्तस्राव, एका पायाला सूज किंवा धाप लागल्यास लगेच.

काय मागून घ्यायचे?
डिस्चार्ज कार्ड. अंडाशये ठेवली की काढली, हे त्यावर लिहून घ्या. पुढचे उपचार त्यावरच ठरतात.